निद्राश्वसनविकार

झोपेत श्वासोच्छ्‌वास वारंवार थांबल्यामुळे, उथळ झाल्यामुळे किंवा अडखळल्यामुळे रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण घटते अथवा झोपेचा भंग होतो. अशा स्थितीतून उद्‌भवणाऱ्या विकारांच्या गटाला निद्राश्वसनविकार असे म्हणतात. नित्याच्या मोठ्या घोरण्यापासून ते एका रात्रीत शेकडो वेळा श्वास अडण्यापर्यंत यांची व्याप्ती आहे. मुले व प्रौढ या दोहोंतही हे विकार आढळतात. तथापि त्यांची कारणे, लक्षणे व उपचार यांत इतका फरक आहे की, एकाच नावाखाली जणू दोन वेगळे रोग येतात. पूर्व विदर्भातील गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा इ. जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळत असल्यामुळे तेथे या विषयाला आणखी एक बाजू आहे. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्याच्या अनुषंगाने तिचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

श्वास दोन प्रकारांनी थांबतो. पहिल्या, अवरोधी प्रकारात छाती व पोट यांची श्वास घेण्याची धडपड चालूच असते, परंतु घशातील मार्ग बंद झाल्यामुळे हवा आत जात नाही. दुसऱ्या, केंद्रीय प्रकारात मेंदूकडून श्वसनस्नायूंना आज्ञाच मिळत नाही व धडपडही दिसत नाही. अपुऱ्या दिवसांची अर्भके, हृदय निकामी होऊ लागलेले रुग्ण आणि अतिउंचीवर गेलेले लोक यांच्यात केंद्रीय प्रकार आढळतो. व्यवहारात ज्याला ‘स्लीप ॲप्निया’ म्हटले जाते तो बहुतांशी अवरोधी प्रकारच असतो व पुढील विवेचन मुख्यत्वे त्याविषयी आहे.

श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. त्यामुळे ती सहसा मिटत नाही. तिच्या वरचा घशाचा भाग (ग्रसनी) मात्र गिळणे, बोलणे व श्वास घेणे अशी तिन्ही कामे करीत असल्यामुळे लवचिक असतो व त्याला हाडाचा वा कूर्चेचा पूर्ण आधार नसतो. जागेपणी जिभेचे व टाळूचे स्नायू सतत ताणलेले राहून हा मार्ग उघडा ठेवतात. झोप लागताच हा ताण कमी होतो आणि स्वप्ने पडण्याच्या निद्रावस्थेत तो सर्वांत कमी असतो. मार्ग मुळातच रुंद असेल, तर याने काही बिघडत नाही. तो मेदामुळे, लहान जबड्यामुळे, वाढलेल्या टॉन्सिलांमुळे किंवा चोंदलेल्या नाकामुळे अरुंद झाला असेल, तर आत ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर त्याच्या भिंतीही आत ओढल्या जातात. प्रथम त्या थरथरतात. घोरणे म्हणजे याच थरथरीचा आवाज होय. पुढे त्या एकमेकींना चिकटतात व आवाज अचानक थांबतो. ऑक्सिजन घटत व कार्बन डाय-ऑक्साइड वाढत जातो, शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात आणि मोठ्या हुंदक्यासारख्या आवाजाने श्वास पुन्हा सुरू होतो. झोपलेल्या माणसाला यांतले काहीही सकाळी आठवत नाही. म्हणूनच या रोगाचा पहिला साक्षीदार रोगी नसून त्याच्या शेजारी झोपणारी व्यक्ती असते.

प्रौढांत किमान १० सेकंद श्वास थांबल्यास तो एक श्वासरोध धरतात; मुलांत दोन श्वासांइतका खंडही पुरतो. पूर्ण न थांबता पुरेसा घटलेला श्वास हे अल्पश्वसन होय. दर तासाच्या झोपेत होणाऱ्या या दोन्ही प्रकारच्या घटनांच्या संख्येला श्वासरोध-अल्पश्वसन निर्देशांक म्हणतात. प्रौढांत तो ५ किंवा अधिक असल्यास विकार आहे असे समजतात. १५ पासून मध्यम व ३० पासून तीव्र अशा पायऱ्या केल्या आहेत. मुलांत तासाला एक अवरोधी घटनाही सामान्य मानली जात नाही. प्रौढाच्या मोजपट्टीने मुलाची चाचणी वाचली, तर रोग असूनही अहवाल ‘सामान्य’ येईल, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे.

इतिहास : चार्ल्स डिकिन्झ यांच्या ‘पिकविक पेपर्स’ (१८३६–३७) या कादंबरीत दारावर उभ्या उभ्या झोपणारा, घोरणारा, लठ्ठ जो हा नोकर आहे. लठ्ठपणा, दिवसा झोप व अपुरे श्वसन हे एकत्र आढळणाऱ्या रुग्णांच्या स्थितीला सी. एस्. बरवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या कादंबरीवरून नाव दिले. या नावामुळे विकाराला प्रसिद्धी मिळाली, पण हा केवळ लठ्ठ प्रौढांचा रोग आहे असा समजही रूढ झाला. वस्तुतः मुलांतील विकाराची नोंद त्याआधीची आहे. १८८९ मध्ये विल्यम हिल या इंग्रज वैद्याने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुलांच्या अभ्यासातील मागासलेपणाच्या काही कारणांविषयी लिहिताना तोंडाने श्वास घेणाऱ्या, रात्री घोरणाऱ्या मुलाकडे लक्ष वेधले होते. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकातही वाढलेल्या टॉन्सिलांच्या मुलाचे असेच वर्णन आहे. ही निरीक्षणे पुढे जवळजवळ विस्मृतीत गेली.

झोपेतील मेंदूच्या विद्युत् लहरी व श्वसन यांची एकाच वेळी नोंद करणे शक्य झाल्यावर १९६५ च्या सुमारास मार्से येथे आंरी गास्तो व त्यांचे सहकारी आणि फ्रायबुर्ख येथे युंग व कूलो यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, अशा रुग्णांची दिवसाची झोप ही रात्रीच्या अडलेल्या श्वासांचा परिणाम असते. क्रिस्त्यँ गिलमिनो यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लठ्ठ नसलेल्या लोकांतही हा विकार असतो हे सिद्ध केले आणि १९७६ मध्ये आठ मुलांतील श्वासरोधाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तोवर तीव्र रोगावर घशाला बाहेरून छिद्र पाडून नळी बसविणे हाच खात्रीचा उपाय होता. १९८१ मध्ये सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर बसविलेल्या मुखवट्यातून सतत थोड्या अधिक दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवता येतो, हे पाच रुग्णांवरील प्रयोगाने ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. ‘सीपॅप’ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र आजही प्रौढांतील प्रमुख उपचार आहे.

मुलांतील विकार : घशाच्या दोन्ही बाजूंचे टॉन्सिल व नाकाच्या मागील ॲडिनॉइड हे लसीकाभ ऊतकांचे गोळे साधारणपणे तिसऱ्या ते आठव्या वर्षांच्या दरम्यान घशाच्या पोकळीच्या मानाने सर्वांत मोठे असतात. याच वयात मुलांतील अवरोधी विकार अधिक आढळतो. असे मूल तोंड उघडे ठेवून, मान मागे टाकून किंवा विचित्र स्थितीत झोपते, घामाने भिजते, श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जाते व पोट फुगते. काही मुले मोठेपणीही अंथरूण ओली करतात. सकाळी डोके दुखते. दिवसा मात्र प्रौढांप्रमाणे पेंग येण्याऐवजी मूल चंचल, चिडके व हट्टी होते, त्याचे लक्ष लागत नाही. त्यामुळे शाळेत त्याची गणना ‘मस्तीखोर’ किंवा ‘मठ्ठ’ अशा मुलांत होते. बहुतेक मुले लठ्ठ नसतात. उलट रात्रभर श्वासासाठी झगडण्यात खर्च होणारी ऊर्जा व वाढीच्या अंतःस्रावातील घट यांमुळे काहींचे वजन व उंची वयाच्या मानाने मागे पडते. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या तीव्र रोगात फुप्फुसांतील रक्तदाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो.

शाळेतील प्रगतीशी असलेल्या संबंधाचा पाठपुरावा डेव्हिड गोझाल यांनी केला. पहिलीच्या वर्गात सर्वांत खालच्या दहा टक्क्यांत असलेल्या २९७ अमेरिकन मुलांची त्यांनी घरी तपासणी केली, तेव्हा ५४ मुलांत, म्हणजे सु. १८ टक्क्यांत, झोपेतील वायुविनिमय बिघडलेला आढळला. त्यांपैकी २४ मुलांचे टॉन्सिल व ॲडिनॉइड काढण्यात आले व पुढील वर्षी त्यांचे गुण वाढले. उपचार न घेतलेल्यांचे वाढले नाहीत (१९९८). या पाहणीचा परिणाम मोठा झाला. पण कोणत्या मुलावर शस्त्रक्रिया करावयाची हे येथे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते, पालकांच्या निवडीने ठरले होते. जागरूक पालकांची मुले एरवीही पुढे जाऊ शकतात. हा दोष दूर करून ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सात महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या गटातील ७९ टक्के मुलांची झोपेतील नोंद सामान्य झाली होती. केवळ लक्ष ठेवलेल्या गटातही ४६ टक्के मुलांत ती आपोआप सुधारली होती. वर्तन, लक्षणे व जीवनमान यांत शस्त्रक्रियेचा स्पष्ट लाभ दिसला, परंतु लक्ष व नियोजनशक्ती मोजणाऱ्या औपचारिक परीक्षेत दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. सौम्य विकाराच्या मुलात काही महिने थांबून पाहणे योग्य ठरू शकते. तसेच ‘टॉन्सिल काढल्यावर मूल हुशार होईल’ असे आश्वासन पालकांना देणे पुराव्याला धरून नाही, हे या चाचणीने स्पष्ट केले.

प्रौढांतील विकार : येथे लठ्ठपणा, विशेषतः जाड मान, हे महत्त्वाचे कारण आहे. पुरुषांत प्रमाण अधिक असते. स्त्रियांत ते ऋतुनिवृत्तीनंतर वाढते. स्त्रियांची तक्रार अनेकदा घोरण्याची नसून थकवा, निद्रानाश वा उदासी यांची असते व घरातील बाईचे घोरणे सांगण्याचा संकोचही असतो, त्यामुळे त्यांचे निदान मागे पडते. मद्य व झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू सैल करून विकार वाढवितात. दिवसा पेंग येणे, स्मरणशक्ती मंदावणे, औषधांना न जुमानणारा रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके ही या विकाराच्या सोबतीने आढळणारी लक्षणे होत. वाहनचालक व रात्रपाळीचे यंत्रचालक यांच्या बाबतीत पेंग हा इतरांच्याही जिवाचा प्रश्न असतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ३० ते ६० वर्षांच्या ६०२ कर्मचाऱ्यांच्या पाहणीत (१९९३) निर्देशांक ५ वा अधिक असलेल्यांचे प्रमाण पुरुषांत २४ व स्त्रियांत ९ टक्के, तर दिवसाच्या पेंगेसह पूर्ण विकाराचे प्रमाण अनुक्रमे ४ व २ टक्के आढळले. भारतात याविषयीची पहिली महत्त्वाची पाहणी मुंबईत झाली. हिंदुजा रुग्णालयातील फुप्फुसरोगतज्ञ झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांना प्रश्नावली दिली. ६५८ जणांनी ती भरून दिली व २५० जणांची झोपेतील नोंद घरीच घेण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार निर्देशांक ५ वा अधिक असलेल्यांचे प्रमाण १९.५ टक्के व पेंगेसह विकाराचे प्रमाण ७.५ टक्के होते. हे लोक रुग्ण म्हणून आलेले नव्हते, हे ध्यानात घेतल्यास आकड्यांचे गांभीर्य कळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील एस्. के. शर्मा व सहकाऱ्यांच्या २००६ मधील निमशहरी पाहणीत ही प्रमाणे १३.७ व ३.६ टक्के होती. मुंबईच्या पाहणीत केवळ पुरुष होते आणि तेही स्वतःहून आरोग्यतपासणीस येणाऱ्या नागर वर्गातील. म्हणून तिचे आकडे धानशेती वा बिडीकाम करणाऱ्या ग्रामीण लोकसंख्येला जसेच्या तसे लावता येत नाहीत. दुसरीकडे, खेड्यातील माणूस सडपातळ म्हणून विकारमुक्त, असेही म्हणता येत नाही. आशियाई लोकांत चेहऱ्याच्या हाडांच्या ठेवणीमुळे कमी वजनातही घसा अडतो.

निदान व उपचार : निदानाची प्रमाण पद्धत म्हणजे रात्रभराची बहुमार्गी निद्रानोंद. तीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, नाकातील हवेचा प्रवाह, छाती व पोट यांची हालचाल, हृदयाचे ठोके आणि रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता एकाच वेळी टिपली जाते. याला सुसज्ज प्रयोगशाळा, प्रशिक्षित तंत्रज्ञ व रात्रभराची देखरेख लागते, म्हणून ही सोय मोठ्या शहरांतच एकवटलेली आहे. प्रौढांत, इतर मोठे आजार नसल्यास, घरी नेता येणारी मर्यादित नोंदयंत्रेही ग्राह्य मानली जातात.

प्रौढांत सीपॅप यंत्राने पेंग व घोरणे निश्चित थांबते, रक्तदाबही थोडा उतरतो. मात्र आधीच हृदयरोग वा पक्षाघात झालेल्या २,७१७ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०१६) या यंत्राने पुढील हृदयविकाराचे वा पक्षाघाताचे झटके कमी झाले नाहीत. रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते; ते अधिक वापरले असते तर काय झाले असते, हा वाद त्यामुळे मिटला नाही. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, रात्रीचे मद्य सोडणे, खालचा जबडा पुढे धरणारे दातांवरील साधन हे उपाय सौम्य विकारात उपयोगी पडतात. मुलांत टॉन्सिल व ॲडिनॉइड काढणे हा प्रथम उपचार होय. नाकातील अधिहर्षतेमुळे (ॲलर्जीमुळे) सूज असेल, तर नाकात फवारण्याच्या स्टेरॉइड औषधाने सौम्य विकार आटोक्यात येऊ शकतो.

सिकलसेल व पूर्व विदर्भ : तिरोडा हे गोंदियापासून लोहमार्गाने सु. ३० किमी. वरील तालुक्याचे ठिकाण मुंबई–हावडा मार्गावर आहे व तालुक्याच्या परिसरातून वैनगंगा वाहते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. धानशेती व बिडीउद्योग यांच्या या प्रदेशात आता औष्णिक विद्युत् केंद्रही उभे आहे. येथील आरोग्यसेवेत सिकलसेल हा शब्द डॉक्टरांइतकाच गावकऱ्यांच्याही तोंडी आहे. भारतात या रोगाचे रंगद्रव्य प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळले. १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा आपला लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. पुढे पुण्याचे सुदाम काटे यांनी अनेक वर्षे महाराष्ट्रभर पाहण्या केल्या. त्यांच्या निष्कर्षांनुसार राज्यातील आदिवासी समाजांत सरासरी सु. १० टक्के लोक वाहक व ०.५ टक्के रुग्ण आहेत, तर काही जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत जाते. हा विकार आदिवासींपुरताच मर्यादित नाही. विदर्भातील इतर अनेक समाजांतही तो आढळतो.

या रोगात हीमोग्लोबिनातील एका घटकाच्या बदलामुळे, ऑक्सिजन सोडून दिल्यावर त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब तंतू बनतात व लाल कोशिका विळ्यासारख्या वाकतात. ऑक्सिजन पुन्हा मिळाल्यास प्रथम त्या सरळ होतात. वारंवार असे झाल्यास ताठर होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांतील असह्य कळा, छातीतील तीव्र विकार, मुलांतील पक्षाघात हे त्याचे परिणाम होत. ज्या रक्तात ऑक्सिजनाची प्रत्येक घट कोशिका वाकविण्यास पुरेशी ठरू शकते, त्या रक्ताच्या मुलाचा श्वास झोपेत पुनःपुन्हा अडणे हे साध्या मुलाच्या घोरण्याहून अधिक धोक्याचे ठरावे, हे तर्काने स्पष्ट आहे. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या रुग्णांविषयीच हे विधान आहे. एकाच पालकाकडून आलेल्या वाहकाच्या कोशिका अतिशय कमी ऑक्सिजनातच वाकतात व त्याच्या घोरण्याचा विचार इतरांप्रमाणेच करावयाचा असतो.

तर्काला काही पाहण्यांचा आधार आहे, काहींचा नाही. लंडनमधील ९५ रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून एफ्. जे. कर्कम व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखविले की, ज्यांची रात्रीची ऑक्सिजन-संपृक्तता कमी होती त्यांना पुढे पक्षाघातासारखे मेंदूचे विकार अधिक झाले. २००३ मध्ये तेथीलच मुलांत कमी संपृक्तता व कळांचे वाढते प्रमाण यांचा संबंध आढळला. झोप व दमा यांविषयीच्या मोठ्या संयुक्त अभ्यासातील २४३ सिकलसेल मुलांपैकी ४१ टक्क्यांत निर्देशांक १ किंवा अधिक व १० टक्क्यांत ५ किंवा अधिक होता (२०१४). परंतु त्याच अभ्यासाच्या पाठपुराव्यात (२०१८) निद्राश्वसनविकारावरून पुढील तीव्र कळांचे भाकीत करता आले नाही. विकार वारंवार आढळतो एवढे निश्चित. त्याचा कळांशी असलेला कार्यकारणभाव अद्याप वादग्रस्त आहे.

परदेशातील ही प्रमाणे विदर्भाला लावताना आणखी एक सावधगिरी हवी. सिकलसेल मुलांत टॉन्सिल मोठे होण्याचे एक कारण असे मानतात की, आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत प्लीहा बालपणीच निकामी होते व तिचे संरक्षणाचे काम घशातील लसीकाभ ऊतक काही अंशी उचलते. भारतीय रुग्णांत रोगाचा जनुकीय प्रकार वेगळा, ‘अरब-भारतीय’ म्हणून ओळखला जाणारा आहे. त्यांच्यात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाचे प्रमाण अधिक असते व प्लीहा पुष्कळदा मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहते. म्हणून येथील मुलांच्या घशाची गोष्ट लंडनच्या मुलांसारखीच असेल असे गृहीत धरता येत नाही. तिचे उत्तर विदर्भातील मुलांच्याच रात्रीच्या नोंदींतून मिळावयाचे आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात अडचण वेगळीच येते. सिकलसेलची लक्षणे व झोपेतील अवरोधाची लक्षणे एकमेकांवर पांघरूण घालतात. मूल दिवसभर मलूल असते, ते रक्त कमी म्हणून, असे घरचे व डॉक्टर दोघेही म्हणतात. ते अंथरूण ओले करते, कारण या रोगात मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची शक्ती कमी होते. हेही खरे आहे. पण सिकलसेल मुलांत अंथरूण ओले करणे व झोपेतील अडलेला श्वास यांचा संबंधही नोंदला गेला आहे. वाढ खुंटणे, डोकेदुखी, अभ्यासात मागे पडणे यांचेही तसेच. प्रत्येक लक्षणाला आधीच एक उत्तर तयार असल्यामुळे दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही. तो प्रश्न साधा आहे : आठवड्यातून तीन वा अधिक रात्री मूल घोरते काय, आणि घोरता घोरता त्याचा आवाज मधेच थांबतो काय? १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात रक्ताच्या तपासणीवर भर आहे; आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यामार्फत रुग्णांच्या घरापर्यंत पोहोचणारी ही साखळी आहे. हा प्रश्न त्याच भेटीत विचारण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.

पुढची पायरी म्हणजे बोटाला लावावयाचा ऑक्सिजनमापक. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ च्या सुमारास शोधलेले हे साधन २०२०–२१ च्या कोविड साथीत खेडोपाडी परिचित झाले. रात्रभर नोंद साठविणारा प्रकार निद्राप्रयोगशाळेच्या मानाने फारच स्वस्त आहे. माँट्रिऑल येथील ३४९ मुलांच्या पाहणीत (२०००) असे दिसले की, निरोगी पण टॉन्सिल वाढलेल्या मुलांत अशी नोंद स्पष्टपणे सदोष असेल, तर ९७ टक्के वेळा अवरोधी विकार असतोच. नोंद निर्दोष असल्यास मात्र विकार नाही असे म्हणता येत नाही. सिकलसेल मुलात हे वाचन अधिक कौशल्याचे आहे. या रोगातील हीमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडते, म्हणून श्वास व्यवस्थित चालू असतानाही आकडा थोडा खाली राहू शकतो. शिवाय सावळ्या त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त संपृक्तता दाखवू शकते, असे २०२० मधील अमेरिकन अभ्यासात आढळले. रात्रभर एकाच खालच्या पातळीवर सरळ चालणारी रेषा दिसल्यास कारण बहुधा रक्तात वा फुप्फुसात शोधावे. करवतीच्या दात्यांप्रमाणे पुनःपुन्हा खाली जाऊन वर येणारी, विशेषतः पहाटेच्या स्वप्ननिद्रेत दाट होणारी रेषा दिसल्यास घशाकडे पाहावे. हा भेद शिकविता येण्याजोगा आहे व तो समजलेला वैद्य उपजिल्हा रुग्णालयातही योग्य मूल निवडून पुढे पाठवू शकतो.

पुढे पाठविणे येथे टाळता येत नाही. सिकलसेल मुलाची टॉन्सिल-शस्त्रक्रिया ही इतर मुलांप्रमाणे किरकोळ नसते. भूल, थंडी, शरीरातील पाण्याची घट व शस्त्रक्रियेनंतरचा कमी ऑक्सिजन यांपैकी कोणत्याही कारणाने कळा वा छातीतील तीव्र विकार उद्‌भवू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त द्यावे की नाही, याविषयीच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्त न दिलेल्या रुग्णांपैकी ३९ टक्क्यांत व रक्त दिलेल्यांपैकी १५ टक्क्यांत मोठी गुंतागुंत झाली; हा फरक लक्षात येताच ६७ रुग्णांनंतर चाचणी थांबविण्यात आली. म्हणजे रक्तपेढी, बालरोगतज्ञ, भूलतज्ञ व कान-नाक-घसातज्ञ एकाच छपराखाली हवेत. तिरोड्याच्या कुटुंबाला यासाठी गोंदिया येथील २०१६ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अथवा सु. १०० किमी. वरील नागपूर हे पर्याय आहेत. रोवणीच्या वा कापणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दोन-तीन फेऱ्या करणे कुटुंबाला जड जाते. म्हणून रक्ततपासणी, घशाची पाहणी व रात्रीची नोंद एकाच मुक्कामात उरकण्याची व्यवस्था असल्यास मुले अर्ध्यावर गळत नाहीत.

रुग्णाला हायड्रॉक्सियूरिया हे औषध चालू असेल, तर ते शस्त्रक्रियेच्या निमित्ताने परस्पर बंद करू नये. ते गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन वाढवून कोशिका वाकण्यास अटकाव करते आणि ते घेणाऱ्या मुलांची झोपेतील संपृक्तता अधिक चांगली असल्याचे कॅनडातील एका अभ्यासात (२०१५) दिसून आले आहे. शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र मुलाला ऑक्सिजनमापक लावून रुग्णालयातच ठेवतात, कारण सुजेमुळे त्या रात्री घसा आधीपेक्षाही अधिक अडू शकतो. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा विचारपूस करावी लागते. सिकलसेल, लठ्ठपणा किंवा चेहऱ्याच्या हाडांतील दोष असलेल्या मुलांत काही विकार शिल्लक राहण्याचा संभव असतो. घोरणे परत सुरू झाल्यास रात्रीची नोंद पुन्हा घेतात आणि गरज भासल्यास मुलांच्या मापाच्या मुखवट्यासह सीपॅप यंत्र देतात. यंत्राला रात्रभर वीज लागते. पुरवठा खंडित होणाऱ्या गावात ते देताना विजेरी संचाची सोय आधीच पाहावी लागते. अन्यथा पहिल्याच पावसाळ्यात ते कपाटात जाते.